कार्पेट धुण्याआधीचे अडीच दिवस

२०२३ ची बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी होती. सकाळची वंदना आटोपली, सगळे उठले आणि पुढच्या रांगेतल्या पोरांच्या पांढऱ्या पायजम्यांचे गुडघे माझ्या नजरेस पडले. काळेभोर. मी माझी साडी पाहिली, तिचीही तीच गत. पंचांग प्रणाम करताना कोपर टेकतं, तिथे पदरालाही मातीचा डाग. त्या दिवशी आमच्याकडे लहानथोर सगळे पांढऱ्या कपड्यांत असतात. कुणाकडे वर्षाचा तेवढा एकच पांढरा जोड असतो, धुवून, नीळ घालून, इस्त्री करून ठेवलेला.

आणि चारच दिवसांपूर्वी आम्ही विहारातलं कार्पेट शहरातून माणसं बोलावून, रोख पैसे मोजून धुवून घेतलं होतं.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मागे बसल्या होत्या. त्यांनी कार्पेटवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "हे धुतलं कोनं? हे तं भिजवलं नुसतं."

त्या एका वाक्यात सगळं आलं होतं, पण ते नीट कळायला मला आणखी एक वर्ष लागलं.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहिरी-बोअरचं पाणी खारट, साबणाला फेस येत नाही. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की तीच जमीन चप्पल ओढून घेते. विहारात पूर्वी सतरंज्या होत्या. २०१९ मध्ये लोकवर्गणी करून अमरावतीहून हे मरून रंगाचं कार्पेट आणलं. १२ फूट रुंद आणि २४ फूट लांब असे दोन पट्टे, शेजारी शेजारी टाकलेले. वरचा धागा पॉलिप्रॉपिलीनचा, मागे तागाचं अस्तर. वर्गणीत मजुरीला जाणाऱ्या बायांचेही पैसे आहेत, हे मी मुद्दाम सांगते. म्हणूनच ते खराब झालेलं मला बघवेना.

मे २०२३ मध्ये काय झालं होतं, तर दोन माणसं यंत्र घेऊन आली. एकाने फडा मारल्यासारखं केलं, दुसऱ्याने बादलीत साबण कालवला आणि बोअरचं पाणी घेऊन सुरुवात केली. त्या आठवड्यात आभाळ होतं, अवकाळी पाऊस येऊन गेला होता. कार्पेट सुकायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी लाल, स्वच्छ दिसलं, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी दारापासून मूर्तीपर्यंतच्या वाटेवर काळे पट्टे उमटू लागले. तिसऱ्या दिवशी जोडावर तपकिरी रेघ आली आणि हॉलमध्ये कुबट वास भरला. आम्हाला वाटलं, साबण हलका वापरला असेल.

२६ एप्रिल २०२४ चं लोकसभेचं मतदान उरकलं आणि मग विहार समितीची बैठक बसली. निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं की कार्पेट काढून टाका, सतरंज्याच बऱ्या होत्या. मी म्हटलं, एक डाव माझ्यावर सोपवा. अमरावतीच्या दुसऱ्या एका कारागिराला फोन लावला. त्याने दर सांगण्याआधी मलाच विचारलं, "ताई, आधी व्हॅक्यूम कोण करणार?"

मी म्हटलं, "तुम्ही धुणारच आहात ना, मग व्हॅक्यूम कशाला?"

"शेतातून आल्यावर पायाला सुकी माती असली तर तुम्ही आधी झटकता की आधी पाणी ओतता?"

आधी झटकतो, मी म्हटलं. "मग कार्पेटनं काय घोडं मारलं?" असं तो म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं त्याने मला नीट समजावलं. कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडी असते. माती, रेती, धूळ, तंतू. ती कोरडी आहे तोवर हवेने ओढली की निघते. पाणी लागलं की तिचा चिखल होतो, आणि तो धाग्याच्या बुडाशी जाऊन बसतो. यंत्र वरचं पाणी ओढतं, बुडाचा चिखल तसाच राहतो. मग कार्पेट सुकताना ओल खालून वर चढते, वातीतून तेल चढावं तशी, आणि येताना घाण घेऊन येते. ते आमचे काळे पट्टे. तपकिरी रेघ तागाची होती. अस्तर जास्त भिजलं की तागाचा रंग पाण्याबरोबर वर येतो.

तो म्हणाला, "मी आल्यावर एक हात मारीनच. पण एका वर्षाची माती माझ्या एका हाताने निघत नाही. दोन दिवस घ्या आणि तुम्ही काढा. नाहीतर मला बोलावू नका." त्याचं हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

फोन ठेवल्यावर मी एक गोष्ट करून पाहिली, ती कुणीही घरी करून पाहावी. विहाराच्या दाराजवळ कार्पेटचा धागा बोटांनी फाकवला आणि बुडातली धूळ चिमटीने काढली. अर्धा चमचा निघाली असेल. बशीत टाकली तेव्हा भुरभुरीत, फुंकर मारली तर उडेल अशी. त्यावर चार थेंब पाणी टाकून बोटाने कालवली. तिचा काळा, तुळतुळीत लेप झाला. बोट धुतलं तरी नखाच्या कडेला राहिला. मग बशी उन्हात ठेवली. तासाभराने लेप पापुद्र्यासारखा घट्ट चिकटला होता, खरवडूनच काढावा लागला. आमच्या काळ्या मातीत चिकणमातीचा वाटा मोठा, आणि चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. पाणी पिऊन तो फुगतो आणि धरून ठेवतो. मुरमाड रानातल्या गावाचं कार्पेट एखादवेळी असं चुकीचं धुणं सहन करून जाईल. आमचं नाही.

बशी मी बैठकीत नेऊन दाखवली. त्यानंतर कुणी सतरंजीचं नाव काढलं नाही.

आता यंत्राचा प्रश्न. गावात व्हॅक्यूम क्लीनर कुणाकडे असणार? तालुक्याच्या ठिकाणी गाड्या धुण्याचं एक सेंटर आहे, तिथून ड्रमवालं यंत्र तीन दिवसांच्या भाड्याने मिळालं. १४०० वॅटचं. शुक्रवारी, १७ मेला दुपारी ऑटोतून आणलं. विहारात सगळे पॉइंट दिव्या-पंख्याचे, ६ अँपिअरचे. १४०० वॅटचं यंत्र साधारण तेवढाच भार घेतं, म्हणजे पॉइंट अगदी काठावर. माझा भाचा वायरमनचं काम करतो, तो म्हणाला, "मामी, इथं लावू नका, तासाभरात सॉकेट वितळंल." शेजारच्या घरातल्या पॉवर पॉइंटवरून त्याने जाड वायर टाकून दिली. पातळ एक्स्टेन्शन गुंडाळलेलं ठेवून त्यावर असं यंत्र चालवलं की वायर तापते, हेही त्यानेच सांगितलं.

यंत्र सुरू केलं. दहा मिनिटं झाली असतील, पाठीमागून एक पोरगी ओरडली, "काकू, मूर्ती पाहा!"

आमची बुद्धमूर्ती पांढरी आहे. तिच्या खांद्यांवर, मांडीवरच्या हातावर राखेसारखा काळा थर बसला होता. माझ्या पोटात धस्स झालं. यंत्र माती आत ओढत होतं आणि मागच्या तोंडाने बारीक करून पुन्हा हॉलमध्ये फेकत होतं. झाकण उघडून पाहिलं तर आत स्पंजचं फिल्टर. तेही ओलं. गाड्यांच्या सीटमधलं पाणी ओढायला स्पंज चालतो, कोरड्या धुळीला त्याच्यावर कापडाचं किंवा कागदाचं फिल्टर लागतं. भाड्याने देणाऱ्याने ते सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तो दिवस तिथेच संपला. संध्याकाळ मूर्ती पुसण्यात गेली. आधी मऊ कोरड्या फडक्याने, मग किंचित ओल्याने. भाचा मोटारसायकलवर जाऊन कापडी फिल्टर घेऊन आला. ड्रम आणि नळी आम्ही आतून पुसून रात्रभर उघडी ठेवली, कारण ओल्या नळीत ही माती गेली तर ती आतून लिंपली जाणार.

कुणी भाड्याने यंत्र आणणार असेल तर एवढं नक्की बघा. कोरडं फिल्टर आहे का, ड्रम सुका आहे का आणि यंत्राचं मागचं तोंड दाराकडे आहे का.

शनिवारी सकाळी सहाला लागलो. ऊन चाळिशीच्या वर जात होतं, दुपारी लाइटचाही भरवसा नव्हता, म्हणून सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशा दोन पाळ्या. आम्ही सात बाया आणि कॉलेजातल्या चार पोरी. मूर्तीपुढची चौरंगं, पुस्तकांचं कपाट, माइकचं सामान, सगळं बाहेर ओट्यावर काढलं. कपाट तसंच ठेवून भोवतीने फिरवू या असं एकीचं म्हणणं होतं, पण कपाट हलवलं तेव्हा त्याच्या मागे कापसाच्या तंतूंची अख्खी गोधडी निघाली. वेचणीच्या दिवसांत बाया शेतातूनच वंदनेला येतात, लुगड्याला कापूस चिकटलेला असतो. तो पंख्याच्या वाऱ्याने कडेकडेला जातो आणि तिथेच राहतो. तो हाताने उचलला. असा पुंजका यंत्रात गेला की नळी तुंबते.

मेणाचे डाग त्याच सकाळी काढले, कारण मेणाखालची माती कोणतंच यंत्र ओढू शकत नाही. आत्याबाईंना इस्त्री आणि कागदाचा उपाय माहीत होता, पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि गरम इस्त्री त्याच्या पुढे जाते. मी नको म्हटलं. थंड पेयांच्या दुकानातून बर्फ आणला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून डागावर पाच मिनिटं धरला. मेण काचेसारखं कडक झालं, चमच्याच्या दांड्याने टकटक केलं की तुकडे पडायचे. मूर्तीपुढच्या पट्ट्यात एकवीस डाग होते. दोन पोरी तेवढंच करत बसल्या.

काही म्हाताऱ्यांना कार्पेट बाहेर नेऊन मोगरीने बदडायचं होतं, सतरंजीसारखं. कारागिराने बजावलं होतं की हे बदडायचं नाही, धागा आणि अस्तर ज्या लॅटेक्सने चिकटवलेलं असतं ते फुटतं. विणलेली सतरंजी मार खाते, चिकटवलेलं कार्पेट खात नाही. तरी आठ जणींनी मिळून एकेक पट्टा अर्धा दुमडला, तेव्हा खालच्या फरशीवर जोडाच्या रेषेत बोटभर रुंद मातीची ओळ दिसली. ती आधी झाडली, मग यंत्राने ओढली, मग पट्टा परत पसरला.

मुख्य काम सोपं आहे पण ते हळू करावं लागतं. मी खडूने तीन-तीन फुटांचे चौकोन आखले. एका पट्ट्यात बत्तीस, दोन्हींत मिळून चौसष्ट. आमच्या यंत्राला फिरणारा ब्रश नव्हता, नुसतं चपटं तोंड. त्यामुळे एक जण कडक ब्रशने धागा उलटा उभा करायची आणि तिच्या मागून दुसरी यंत्र ओढायची. पहिल्या दोन चौकोनांत पोरींनी घर झाडावं तसं भराभर पुढे-मागे केलं. मी थांबवलं. बुडातली माती वर यायला वेळ लागतो. तोंड टेकवून तीन फूट ओढेपर्यंत "बुद्धं सरणं गच्छामि" सावकाश म्हणून व्हावं, एवढा वेळ. पुढची ओढ आधीच्या ओढीवर अर्धी चढवायची. डवरणीत पिकाची एखादी ओळ सुटली की तण राहतं, तसं होऊ द्यायचं नाही. आधी उभं, मग आडवं. पोरी खरंच मोठ्याने म्हणत ओढू लागल्या. सकाळी सातच्या उन्हात दारातून तो आवाज बाहेर जात होता आणि रस्त्याने जाणारे थांबून पाहत होते.

आतल्या बाजूच्या चौकोनांना चार वेळा पुरे झालं. दाराजवळच्या सहा चौकोनांना मात्र मोजून उपयोग नव्हता. तिथे मी कान लावला. रेती आणि खडे नळीतून जाताना चरचर आवाज येतो, गहू चाळणीत हलवल्यासारखा. तो आवाज बंद होईपर्यंत तिथून हलायचं नाही असं ठरवलं. पहिल्या चौकोनाला अकरा फेऱ्या लागल्या. हीच रेती वर्षभर पायाखाली घासून धागा कापत असते. दाराजवळचा रंग विटलेला वाटायचा, तो जाऊन जवळून पाहिला तर रंग होता, धाग्याची टोकं मात्र झिजून पांढुरकी झाली होती. ते काही आता भरून येणार नाही.

दर चार चौकोनांनी यंत्र थांबवून फिल्टर काढायचं, बाहेर वाऱ्याच्या पाठीला उभं राहून झटकायचं, तोंडाला ओढणी बांधून. ड्रम अर्धा भरायची वाट बघायची नाही. फिल्टरवर थर जमला की आवाज तोच राहतो, ओढ मात्र निम्मी होते आणि आपल्याला कळतही नाही. एका पोरीने फिल्टर नळाखाली धरायला नेलं होतं, तिला मी धावत जाऊन अडवलं. ओलं झालं असतं तर त्या कापडावर बशीतल्यासारखा लेप बसला असता आणि दिवस वाया गेला असता. भिंतीकडेच्या चार बोटांच्या पट्टीत मोठं तोंड पोचत नाही. तिथे बारीक चोच लावून मी स्वतः बसून सगळी कड काढली. पाठ दोन दिवस धरून होती.

शनिवारी रात्री किराणा दुकानातल्या काट्यावर माती मोजली. ३ किलो २०० ग्रॅम. रविवारी आम्ही पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली, कालच्या उलट दिशेने. माझ्या नवऱ्यासकट सगळे म्हणाले, आता काय निघणार? आणखी १ किलो ९०० निघाली. दुसऱ्या दिवसाची माती रंगानेच वेगळी होती. पहिल्या दिवशी तंतू, तुरीचं भुसकट, अगरबत्तीची राख, केस असं मिसळलेलं होतं. दुसऱ्या दिवशी नुसती काळी, पिठासारखी, चाळून घेतल्यागत. बुडातली ती हीच. आत्याबाईंनी पाटीत बोटं घातली, केस-काड्या वेचून फेकल्या आणि उरलेली माती विहारापुढच्या कडुनिंबाच्या आळ्यात नेऊन ओतली. "वावरातली हाय, फेकाची कायले?" म्हणाल्या.

सोमवारी, २० मेला कारागीर आला. त्याने आल्या आल्या बूट काढून अनवाणी कार्पेटवर चालून पाहिलं, दोन-तीन ठिकाणी धागा फाकवला. काही बोलला नाही. आपलं फिरत्या ब्रशचं यंत्र काढून त्याने दाराजवळ एक हात मारला आणि पारदर्शक डबा मला दाखवला. तळाला फक्त झिरझिरीत पूड. "झालं," म्हणाला, "आता पाणी घालायला हरकत नाही." मग कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून रंग सुटत नाही ना ते पाहिलं.

पाणी आम्ही बोअरचं दिलं नाही, नळयोजनेचं गोडं पाणी दोन पिपं भरून ठेवलं होतं. खाऱ्या पाण्यातलं मीठ सुकल्यावर धाग्यातच राहतं. त्याची पद्धत गरम पाण्याचा फवारा मारून लगेच ओढून घेण्याची. दोनदा फवारा, मग चार वेळा नुसतं ओढणं, अस्तरापर्यंत पाणी उतरू न देता. टाकीत परत आलेलं पाणी मी वाकून पाहिलं. मागच्या वर्षी आधीच्या माणसांच्या टाकीत गाऱ्यासारखं काळं, दाट पाणी होतं, ओतताना बदबद पडलेलं. या वेळी पातळ चहाचा रंग. त्यावर तेलकट तवंग होता. तो म्हणाला, डोक्याचं तेल, तळपायाचा घाम, हे पाण्या-साबणाचं काम. माती हे पाण्याचं काम नव्हेच.

सुकवताना एकाने उत्साहाने कूलर आणून लावला, तो मी बंद करायला लावला. कूलर ओली हवा फेकतो. दारं-खिडक्या उघड्या, पंखे चालू आणि बाहेर मे महिन्याचं वऱ्हाडी ऊन. सहा तासांत कार्पेट हाताला कोरडं लागलं. त्या रात्री मी दोनदा उठून विहारात जाऊन आले. बॅटरीच्या उजेडात दारापासून मूर्तीपर्यंतची वाट बघायची, पट्टे उमटतात का. मंगळवारी पाहिलं, बुधवारी पाहिलं. जोडावरची जुनी तपकिरी रेघ फिकट झाली होती, पूर्ण गेली नाही. काळं काही वर आलं नाही.

आता दाराबाहेर काथ्याचं जाड पायपुसणं आहे, आत दुसरं. पोरींनी महिन्यातून दोन रविवार वाटून घेतलेत. यंत्र अजून भाड्याचंच येतं, फिल्टर मात्र आमचं स्वतःचं आहे, माझ्या घरी खुंटीला टांगलेलं.

२३ मेला पौर्णिमा होती. वंदना संपली. आत्याबाईंना गुडघ्यांमुळे एकदम उठता येत नाही, दोन्ही तळवे खाली टेकवून, जोर देऊन त्या उठतात. तशाच उठल्या. तळवे उलटे करून डोळ्यांशी नेऊन पाहिले आणि पदराला न पुसता तसेच मूर्तीपुढे जोडले.